इतवारीतलं कागदाचं दुकान आणि आमची नाताळची तयारी

सरळ निकालापासूनच सुरुवात करते. नागपुरात नाताळच्या भेटींना लावायचा कागद, रिबिनी, दोरे, टॅग, घर सजवायचे कागदी हार असं काही घ्यायचं असेल, तर मॉलमधल्या चकचकीत दालनात पैसे घालवू नका. इतवारीत जा. तिथल्या एका कागदाच्या दुकानाबद्दल मला लिहायचं आहे, कारण आमच्या घरचा आणि आमच्या चर्चच्या संडे स्कूलचा नाताळ गेली कित्येक वर्षं याच दुकानाच्या जिवावर नटतो आहे. जे या दुकानात चांगलं मिळत नाही ते मी कुठून आणते, तेही सोबत सांगते.

आम्ही गड्डीगोदामला राहतो. घरच्या भेटी पाच-पंचवीस असतात, त्याचं काही विशेष नाही. पण संडे स्कूलला साठेक मुलं येतात आणि प्रत्येकाच्या नावाचं एक पुडकं झाडाखाली ठेवायचं काम माझ्याकडे आहे. वर्गणी जमते तेवढ्यात वस्तू साध्याच येतात. कंपासपेटी, डबा, पाण्याची बाटली, रंगपेटी, लहानग्यांना बॉल. यातल्या काही मुलांना वर्षभरात दुसरं कोणीही काही कागदात बांधून देत नाही. त्यांचं पुडकं उघडणं पाहिलंत तर कळेल, आधी रिबीन हळूच ओढतात, मग कागदाची कड शोधतात, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवतात. म्हणून मला कागद चांगला हवा असतो, आणि साठ पुडक्यांना परवडेल असाही हवा असतो. हे दोन्ही एकत्र मला फक्त इतवारीत मिळालं.

जायचं कसं, तर गाडी घेऊन जाऊ नका. इतवारीत गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातो. आम्ही गड्डीगोदाम चौकातून मेट्रो पकडतो, सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा लाइनची गाडी घेतो आणि चितार ओळ चौकात उतरतो. तिथून इतवारीच्या ओळींमध्ये पायी किंवा ई-रिक्षाने. ज्यांना इतवारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे बाजार ओळींनी वसला आहे. सराफा ओळीत सोनं-चांदी, किराणा ओळीत किराणा. कागदाचं हे दुकान एका आडगल्लीत आहे, पाटी लहान, दार अरुंद, आणि आत शिरलं की दोन्ही भिंतींना छतापर्यंत कागदाचे ताव आडवे रचलेले. गल्ल्यावर काका बसतात, कागद काढून द्यायला दोन मुलं. धंदा मुख्यतः लग्नपत्रिकांचा आणि वह्या-फायलींचा. नाताळ त्यांच्यासाठी बाजूचा हंगाम आहे, पण ते तो मनापासून करतात.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे इथे कागद हाताला लागतो. मॉलमध्ये किंवा ऑनलाइन गुंडाळी पन्नीत बंद असते, वरची नक्षी पाहून घ्यावी लागते. इथे मुलगा ताव काढून समोर पसरतो आणि तुम्ही तो बोटांत धरून पाहू शकता. भेटीच्या कागदात नक्षीपेक्षा जाडी महत्त्वाची. ७०-८० ग्रॅमचा कागद, म्हणजे साधारण झेरॉक्सच्या कागदाएवढ्या जाडीचा, घडी धरतो आणि कोपऱ्यावर फाटत नाही. त्याहून पातळ असला की आतल्या डब्यावरची अक्षरं दिसतात. फार जाड असला, १२० ग्रॅमच्या वर, तर टोकाची घडी उलगडून वर येते आणि सेलोटेप सुटतो. चमकीचा कागद मी एकदा हौसेने मागितला होता, तर तिथल्या मुलाने काउंटरच्या धारेवर तो ओढून दाखवला. "ताई, हा नका घेऊ. चमकी सारी गळून राहिली, अन् कोपऱ्यावर फाटते. संडे स्कूलच्या लेकरांच्या डोळ्यांत जाईल." स्वतःच्या दुकानातला महागडा माल असा बाजूला सारणारा विक्रेता मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्यानेच मला कागद ओळखायची खूण सांगितली. कागदाचा तुकडा मुठीत चुरगाळायचा आणि मूठ उघडायची. चुरगाळलेला तसाच राहिला तर खरा कागद. हळूहळू उलगडत पुन्हा पसरला तर त्यात प्लास्टिकची पन्नी आहे, तो रद्दीतही जात नाही आणि मातीतही जात नाही. सोनेरी-चंदेरी चकाकणारे बहुतेक कागद या दुसऱ्या जातीचे असतात. तेव्हापासून मी मुठीत चुरगाळल्याशिवाय कागद घेत नाही.

माझा नेहमीचा माल असा. खाकी कागदाचे ताव, ज्याची आपण शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायचो तोच, पण थोडा बरा. गडद लाल आणि बाटली हिरवा असे दोन बिनचमकीचे रंगीत कागद. पांढरा पतंगी कागद, आत गुंडाळायला. ताव सुटा घेतला तर दहा-बारा रुपये, दस्त्याच्या हिशेबाने घेतला तर बराच खाली येतो. साठ पुडक्यांचं काम खाकीवर निघतं, आणि वर लाल पट्टी लावली की ते पुडकं कुठल्याही मॉलच्या पुडक्याला हार जात नाही.

एका वर्षी मी उशिरा पोचले. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि त्या गर्दीत लाल कागद संपून गेला होता. काकांनी थोडा विचार केला, मुलाला माळ्यावर चढवलं आणि पत्रिकांच्या पाकिटांना आतून लावतात तो नक्षीदार अस्तराचा कागद खाली काढला. मरून रंगावर बारीक सोनेरी वेलबुट्टी. "हा लावून पाहा, बाई. पाकिटाच्या आत कोणाला दिसत नाही, तुमच्या डब्यावर तरी दिसेल." मला लगेच आठवलं, आजचा भेटीचा छापील कागद अमेरिकेत असाच बाजारात आला होता. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला भेटींना लावायचा साधा पातळ कागद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या अस्तराचे नक्षीदार फ्रेंच कागद काउंटरवर ठेवले. ते हातोहात खपले आणि पुढे त्यांनी खास भेटींसाठीच कागद छापायला घेतला. हेच हॉल बंधू पुढे हॉलमार्क नावाने जगभर गेले. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. आता ते दर वर्षी माझ्यासाठी अस्तराचा एखादा गठ्ठा बाजूला काढून ठेवतात. शंभर वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका गल्लीत, तीच अडचण आणि तोच उपाय, मला हे फार आवडतं.

आता पॅकिंगबद्दल, कारण या दुकानाची खरी कमाल तिथे आहे. दुकानात घेतलेली वस्तू ते बांधून देत नाहीत, त्यांच्याकडे वस्तू नसतेच. पण तुम्ही खोका सोबत नेलात आणि गर्दी नसली तर मुलगा काउंटरवर शिकवतो. मी नेहमीच्या सवयीने खूप मोठा तुकडा कापायचे आणि टोकांना कागदाचा गोळा व्हायचा. त्याने मापाची पद्धत दाखवली ती आता आमच्या सगळ्या स्वयंसेवकांना तोंडपाठ आहे. दोरी खोक्याभोवती एक वेढा घ्यायची, त्यावर दोन बोटं जास्त, ही कागदाची लांबी. रुंदीसाठी खोक्याची लांबी घ्यायची आणि दोन्ही टोकांना खोक्याच्या उंचीच्या पाऊणपट कागद सोडायचा. तेवढाच. जास्त सोडला की टोक फुगतं, कमी पडला की आतला पुठ्ठा दिसतो.

मग खोका कागदावर उपडा ठेवायचा, म्हणजे सांधा खाली जातो. एक कड दोन बोटं आत दुमडायची, त्या दुमडीच्या आत डबल टेप लावायचा, बाहेर सेलोटेपचा तुकडा दिसत नाही. टोकांना आधी दोन्ही बाजूंचे कान आत दाबायचे, त्याने वर-खाली दोन त्रिकोण होतात. वरचा त्रिकोण खाली, खालचा त्रिकोण वर, आणि खालच्याचं टोक थोडं आत दुमडून चिकटवायचं. हे सगळेच करतात. फरक पडतो तो पुढच्या गोष्टीने. मुलगा प्रत्येक कडेवरून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कागद धरून शेवटपर्यंत ओढत नेतो, नखाने नाही, बोटाच्या पेराने. नखाने खाकी कागदाला पांढरा चरा पडतो. चिमटीने कड अशी सरळ येते की खोका लाकडाचा वाटतो. बारा कडा, प्रत्येक कडेला दोन क्षण. संडे स्कूलच्या मोठ्या मुलींना मी एवढं एकच नीट शिकवते, आणि त्या ते मन लावून करतात.

बाटलीसाठी वेगळी युक्ती. बाटली आडवी ठेवून गुंडाळायची, तळाला साडीच्या निऱ्या घालतो तशा बारीक चुण्या एकीवर एक दाबत जायचं आणि शेवटी गोल तुकडा चिकटवायचा. वरचा कागद मानेपाशी सुतळीने आवळायचा. बॉलसाठी पतंगी कागदाचे दोन ताव आडवे-तिडवे ठेवून पोटली बांधायची. बॉल कागदात चौकोनी बांधायचा हट्ट धरू नका, कागद फाटतो.

रिबिनींचा कप्पा गल्ल्याच्या मागे आहे. सॅटिनच्या रिबिनी मीटरवर मिळतात आणि त्या पुन्हा वापरता येतात, म्हणून घरच्या भेटींना मी त्याच लावते. माझ्या सासूबाई भेट उघडताना गाठ सोडतात, कापत नाहीत, आणि रिबीन इस्त्री करून डब्यात ठेवतात. आमच्याकडे त्यामुळे काही रिबिनी नव्या सुनेपेक्षा जुन्या आहेत. संडे स्कूलसाठी सुतळी किंवा लाल-पांढरा पिळाचा दोरा. प्लास्टिकची कुरळी रिबीन, जी कात्रीच्या पात्यावरून ओढली की वेटोळी होते, तीही इथे आहे आणि मुलांना आवडते, पण ती एकदाच वापरून फेकावी लागते. मी घेत नाही.

फराळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे होतात आणि शेजाऱ्यांकडे जातात. दिवाळीत त्यांचे डबे येतात, नाताळात आमचे जातात. करंजीचं तूप साध्या कागदातून बारा तासांत बाहेर येतं आणि सगळ्या सजावटीवर डाग. या दुकानात बटर पेपरचा ताव मिळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात आधी बटर पेपर, मग करंज्या एका थरात, मध्ये पुन्हा बटर पेपर, मग झाकण आणि बाहेरून खाकी. अनारसे वेगळ्या खोक्यात, नाहीतर चकल्या मऊ पडतात. केकला मात्र कागद लावूच नका, डबाच द्या.

तुलनेसाठी सांगते, शहरातल्या एका मोठ्या दालनात नाताळात पॅकिंगचं टेबल लागतं. तिथे मी भाचीची भेट बांधून घेतली होती. एका लहान खोक्याचे त्यांनी जेवढे घेतले, तेवढ्यात इतवारीत माझी दहा-बारा पुडकी होतात. कागद पन्नीचा, टेप चारही बाजूंना बाहेरून, आणि वर तयार चिकटवायचं प्लास्टिकचं फूल. भाचीने ते कात्रीने कापून उघडलं. पैसे गेल्याचं दुःख नाही, पण उघडण्यात काही मजाच उरली नव्हती.

आता दुकानाच्या उण्या बाजू. तारे इथे चांगले नाहीत. नाताळचा तारा आमच्यासाठी सजावटीतली पहिली गोष्ट. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ, आणि त्यातल्या पहिल्या रविवारच्या संध्याकाळी गॅलरीत तारा लागतो. पुढे रात्री कॅरल गाणारी मंडळी येतात ती ताऱ्याच्या खुणेनेच घर ओळखतात. इतवारीतले तारे चंदेरी प्लास्टिकचे, बाहेरून लखलखीत, आत दिवा लावला की काहीच उजेड बाहेर येत नाही. तारा दिव्यासाठी असतो, आरशासाठी नाही. म्हणून तारा घ्यायचा तो सदर भागात. डिसेंबर लागला की तिथे दुकानांच्या दारात घडीचे कागदी तारे टांगलेले दिसतात, पाच टोकांचे, सात टोकांचे, जाड कागदावर भोकांची नक्षी आणि आतून रंगीत पातळ कागद. मी घेतला तो अडीचशेच्या आसपास पडला आणि अनेक नाताळ टिकला, कारण तो घडी होऊन वहीएवढा सपाट होतो. घेताना तो पूर्ण उघडून दिव्यावर धरून पाहा. टोकांच्या जोडावर डिंक सुटलेला असेल तर उजेडाची रेघ लगेच दिसते.

कागदाचा तारा लावायची रीत फार जुनी. जर्मनीतल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना असे बहुटोकी तारे बनवून घेत, आणि हेर्नहुट गावात ते आजही हाताने बनतात. त्या ताऱ्याला पंचवीसेक टोकं असतात, आपला सपाट घडीचा तारा त्याहून साधा. पण माझ्या धाकट्याने शाळेतलं कोनमापक घेऊन आमच्या ताऱ्याच्या टोकांचे कोन मोजले होते, तेव्हा मला त्या जर्मन मास्तरांची आठवण आली. भूमिती शिकवायला याहून चांगली वस्तू नाही.

ताऱ्यात दिवा कोणता लावता याकडे लक्ष द्या. आमच्या माहेरी ४० वॅटचा पिवळा बल्ब असायचा आणि ताऱ्याचा वरचा कागद दर वर्षी तपकिरी पडायचा, कारण त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जायची. आता ५ वॅटचा एलईडी पुरतो आणि कागद थंड राहतो. रंग पिवळसर, ज्याला दुकानदार वॉर्म व्हाइट म्हणतात, तोच मागा. पांढऱ्या दिव्यात लाल कागद गुलाबट आणि आजारी दिसतो. तारा छताखालीच टांगा. विदर्भात ऐन डिसेंबरात अवकाळी पाऊस येऊ शकतो, आणि भिजलेला कागदी तारा पुन्हा उभा राहत नाही.

दिव्यांच्या माळा मी सीताबर्डीत घेते. तिथे दुकानदार बोर्डावर लावून दाखवतो, पैसे त्यानंतरच द्यायचे. माळ लावलेली असताना प्लगजवळची वायर हलवून पाहा, लुकलुकली तर ठेवून द्या. स्वस्त माळेत दिवे एकापाठोपाठ एका ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एका ठिकाणी जोड सुटला की पुढचा-मागचा अख्खा तुकडा विझतो. झाडावर गुंडाळायच्या आधी जमिनीवर पसरून एक रात्र जळत ठेवलेली बरी. गुंडाळून झाल्यावर विझलेली माळ काढणं हे फार कष्टाचं काम आहे.

झाडाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे कुंडीतलं अरौकेरिया आहे, रोपवाटिकेत त्याला ख्रिसमस ट्रीच म्हणतात. ते मूळचं नॉरफोक बेटावरचं, खऱ्या पाइनच्या कुळातलं नाही, पण फांद्या मजल्यामजल्यांनी फुटतात म्हणून शोभून दिसतं. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ते जगवायचं तर हिरव्या जाळीखाली, भिंतीच्या सावलीला ठेवावं लागतं आणि मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. फांद्या मऊ असतात, त्यामुळे काचेचे जड गोळे लावू नका, त्या वाकतात आणि तशाच राहतात. ज्यांना एवढं करणं शक्य नाही त्यांनी सुरूच्या झाडाची फांदी कुंडीत रोवावी. प्लास्टिकचं झाड मला आवडत नाही, पण वीस वर्षं तेच वापरणार असाल तर माझी काही तक्रार नाही.

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मात्र मी कधीच विकत घेतला नाही. पूर्वी सगळीकडे थर्माकोलचे गोठे असायचे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि मला ती मनापासून पटली, कारण जानेवारीत चर्चच्या मागच्या नालीत ते पांढरे दाणे तरंगताना मी पाहिले आहेत. आता आम्ही गोठा पुठ्ठ्याचा करतो, भिंतींना याच दुकानातला खाकी कागद चुरगाळून लावतो, त्याने दगड-मातीचा पोत येतो, आणि छपराला गवत. गव्हाणीतला बाळ, मरिया, योसेफ आणि मेंढ्या मातीच्या. एका मेंढीचा पाय मोडला तेव्हा मी ती चितार ओळीत घेऊन गेले. तिथले मूर्तिकार गणपती घडवणारे. डिसेंबरात त्यांच्याकडे थोडी उसंत असते. त्यांनी बारीक तार घालून पाय बसवला, वर शाडूचा लेप दिला आणि रंग जुळवून दिला. पैसे किती म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या ना जी, देवाचं काम आहे." मी फराळाचा डबा नेऊन दिला. तो अर्थातच खाकी कागदात, नीट कडा काढून.

टॅग या दुकानात तयार मिळतात, पण त्यावर हरणं आणि बर्फ छापलेला. नागपुरातल्या मुलाला बर्फाच्या टॅगचं काय? मी त्यांच्याकडून साधी जाड कार्डशीट घेते आणि टॅग घरी कापते. त्यावर माझी आवडती सजावट आपल्या संत्र्याची. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीसाठी, पण माझ्या कामाला त्याची साल येते. आंबिया बहाराची संत्री नाताळच्या सुमारास बाजारात असतात. त्यांची साल सैल, त्यामुळे सोलताना तळहाताएवढे सलग तुकडे निघतात. बिस्किटांच्या लहान साच्याने त्यातून तारे कापायचे, मध्ये सुईने भोक पाडायचं आणि आतली पांढरी बाजू खाली ठेवून दोन ताटांच्या मध्ये दाबून वाळवायचे. उघडे वाळवले तर वाकतात. डिसेंबरच्या उन्हात ते कडक होतात, रंग गडद शेंदरी होतो, आणि भोकात एक लवंग खोचून सुतळीने पुडक्यावर बांधला की खोलीभर वास येतो. संत्र्याच्या चकत्या वाळवून लावतात तेही मी करून पाहिलं, पण आपलं संत्रं आतून इतकं सैल की वाळताना फोडी सुटून साल वेगळी होते. चकत्यांसाठी घट्ट सालीचं मोसंबं घ्या. सालीचे तारे मात्र नागपुरी संत्र्याचेच.

काकांना मी असा एक टॅग नेऊन दाखवला. त्यांनी तो काउंटरवरच्या काचेखाली ठेवला आहे आणि विचारणाऱ्याला कसा करायचा ते सांगतात. या वर्षी मी त्यांच्याकडे एकच मागणं केलं आहे, टॅगच्या मापाची कार्डशीट आधीच कापून भोक पाडून ठेवा, शंभराचा गठ्ठा. पत्रिका कापायचं यंत्र त्यांच्याकडे आहेच. त्यांनी वहीत लिहून घेतलं आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही. तुळशीच्या लग्नाच्या आधी जा, रंगांची निवड तेव्हाच असते. दुपारी जेवणाच्या वेळी गेलात तर मुलांना शिकवायला सवड असते, संध्याकाळी नसते. खोका किंवा निदान त्याचं माप सोबत न्या. ताव गुंडाळून द्यायला ते पुठ्ठ्याची नळी देतात, पण थैली देत नाहीत, ती घरून न्या. भाव फार कमी होत नाही आणि मागूही नका, दस्त्याचा भाव आधीच वाजवी आहे. उरलेले अख्खे ताव चुरगळले नसतील तर ते परत घेतात, फक्त ६ जानेवारीच्या आत न्या, कारण त्यानंतर नाताळचे रंग माळ्यावर जातात आणि खाली पुन्हा पत्रिकांचा माल लागतो.